झाकण पावसात अडकतं, उन्हाळ्यात खुळखुळतं: कात्रणांच्या लाकडी डब्यांचं दरवर्षीचं दुखणं

संक्रांतीच्या वाणासाठी डिसेंबरात केलेल्या छोट्या लाकडी डब्या श्रावणात उघडत नाहीत. मंगळागौरीच्या तोंडावर फोन येतो, "दादा, झाकण निघंना झालंय की हो." तीच डबी पुढच्या एप्रिलमध्ये हातात घ्यावी तर झाकण खुळखुळतं, आणि कधी तळाला आरपार चीर गेलेली असते. मग दोष फेविकॉलला लागतो, नाहीतर वखारीतल्या लाकडाला. पुढच्या खेपेला झाकण आणखी सैल केलं जातं आणि उन्हाळ्यात ते आणखी वाईट दिसतं. सोलापुरात लाकडाच्या कात्रणांपासून, म्हणजे कामातून उरलेल्या तुकड्यांपासून, डब्या, करंडे, दागिन्यांच्या छोट्या पेट्या करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार ऐकावी लागते. मूळ कारण बहुतेक वेळा एकच निघतं: तुकडा कापताना लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला धावतात, हे पाहिलेलं नसतं.

आधी हातातल्या अडकलेल्या डबीचं बघू, कारण बहुतेक जण ती समोर ठेवूनच हे वाचत असतील.

स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटू नका. काठ दबतो, आणि दबलेला काठ नंतर कितीही घासला तरी दिसतोच. उन्हातही ठेवू नका. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आत ओल तशीच राहते आणि लाकूड तडकतं. हेअर ड्रायरनेही तेच होतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, त्यात औषधांच्या बाटल्यांत किंवा बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डबी आत ठेवा आणि चार-सहा दिवस विसरून जा. पुड्या जुन्या असतील तर आधी मंद गरम तव्यावर कापडावर ठेवून थोड्या वाळवून घ्या, कारण ओल प्यायलेली पुडी काही कामाची नाही. एवढ्यानं बहुतेक झाकणं स्वतःहून सुटतात.

सुटलं की लगेच काचपेपर हातात घेऊ नका. ऑगस्टमध्ये फुगलेलं झाकण ऑगस्टमध्येच घासून बसवलं की एप्रिलमध्ये तिथे फट पडणार. आधी ते कुठे अडकतं ते शोधा. स्टेशनरीच्या दुकानातला कार्बन पेपर घ्या, त्याची पट्टी शाईची बाजू झाकणाकडे करून काठावर धरा, झाकण हलक्या हातानं बसवा आणि काढा. काळे डाग कुठे पडलेत ते पाहा. लांबीच्या दोन्ही बाजूंना, मधोमध डाग असतील तर झाकण रुंदीत फुगलंय, म्हणजे हे ओलीचंच काम. फक्त दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतील तर डबीच काटकोनात नाही. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. हा दोष वर्षभर त्रास देतो, त्याचा पावसाशी संबंध नाही. आणि डाग सगळीकडे सारखे असतील तर बहुधा पॉलिशचा थर जाड झालाय किंवा सांध्यातून बाहेर आलेला डिंक (फेविकॉल) आतल्या कोपऱ्यात वाळून बसलाय. पटाशीच्या टोकानं तो निघतो.

कोरडं होऊनही रुंदीत अडकत असेल, तरच घासा. १८० नंबरचा काचपेपर काचेवर चिकटवा आणि झाकणाच्या फक्त लांब कडा त्यावर दोन-तीन वेळा ओढा. पुन्हा कार्बन लावून तपासा. आखूड कडांना हात लावू नका. त्या फुगतच नाहीत, मग त्या घासून मिळवायचं काय? शेवटी काठाला साधी मेणबत्ती घासली की झाकण मऊ सरकतं.

आखूड कडा का फुगत नाहीत, यातच सगळं आहे. लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी समजा. पावसात भिजलेली पेंढी जाड होते, पण ताटं लांब होत नाहीत. लाकडाचंही तसंच: ओल आली की ते रेषांच्या आडवं फुगतं, रेषांच्या लांबीत नगण्य. आणि आडवं फुगणंही दोन प्रकारचं. तुकड्याच्या कापलेल्या टोकाकडे नीट पाहा, वाढीची वर्तुळं दिसतील. ती वर्तुळं तुकड्याच्या रुंदीशी साधारण समांतर धावत असतील तर तो तुकडा जास्त फुगणारा. वर्तुळं रुंदीला उभी छेदत असतील तर तो जवळजवळ निम्माच फुगतो.

सोलापूरच्या हवेत हा फरक चांगलाच जाणवतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० च्या वर आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता विशीत उतरलेली. अशा दिवसांत घरातल्या लाकडात साधारण ६-७ टक्के ओल उरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि आपल्याकडे सप्टेंबर हा सगळ्यात पावसाचा महिना, तीच ओल १३-१४ टक्क्यांवर जाते. सात टक्क्यांचा हा फेरा सागवानावर काय करतो ते हिशोबात बघा. वर्तुळं रुंदीशी समांतर असलेली ५० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी त्यात सुमारे ०.६५ मिलिमीटर फुगते. वर्तुळं उभी असतील तर सुमारे ०.३५ मिलिमीटर. आणि साग हे तर शांत लाकूड. खोक्यांचं पाइन त्याच मापात पाऊण मिलिमीटरच्या वर जातं.

पाव-अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं मोठ्या दारा-खिडक्यांचं काम करणारा मिस्त्री म्हणेल. पण तळहाताएवढ्या डबीत झाकण बसतंच पाव मिलिमीटरच्या हिशोबानं. आपली वस्तू छोटी आहे म्हणून ओलीचा त्रास कमी, हा समज सोडा. लहान तुकड्याची ओल मोठ्या फळीपेक्षा लवकर बदलते, आणि आपण फट मात्र केसाएवढी ठेवतो.

म्हणून झाकण बसवताना महिना बघून फट ठेवा. एप्रिल-मेमध्ये ५० मिलिमीटर रुंदीचं सागाचं झाकण बसवत असाल तर दोन्ही बाजूंना व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल एवढी मोकळीक हवी. साधं कार्ड सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असतं, तेच मापाला घ्या. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर झाकण थोडं दाटूनच बसवा, उन्हाळ्यात ते बरोबर होतं. डिसेंबर-जानेवारीत दोन्हींच्या मधलं. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, वाणाची गडबड असते तेव्हा, सगळ्यात जास्त डब्या होतात आणि सगळ्यात जास्त चुकीच्या फटी तेव्हाच ठेवल्या जातात, कारण त्या कोरड्या गार हवेत झाकण अगदी छान बसलेलं दिसतं.

सरकत्या झाकणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे या दुखण्यावर कायमचा इलाज आहे आणि तो फार कमी जण करतात. दोन लांब भिंतींना आतून खाच, त्यात झाकण सरकतं, हा आपला नेहमीचा प्रकार. बहुतेक जण झाकणाच्या रेषा डबीच्या लांबीनं घेतात, कारण दिसायला ते सुंदर. पण मग झाकण रुंदीत फुगतं आणि दोन्ही खाचांत पाचर ठोकल्यासारखं बसतं. आता डबीची रुंदी कशावर ठरते ते बघा. पुढच्या आणि मागच्या आखूड भिंतीवर. त्या भिंतींच्या रेषा आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेनं धावतात, त्यामुळे दोन खाचांतलं अंतर वर्षभर जवळजवळ तेच राहतं. झाकणाच्याही रेषा तशाच आडव्या घ्या, एका खाचेकडून दुसऱ्या खाचेकडे जाणाऱ्या. मग झाकणाची रुंदीही वर्षभर तीच राहते. झाकण फुगतं ते लांबीत, आणि लांबीत ते पुढे थोडं बाहेर डोकावतं, एवढंच. जाडीतला फरक तीन मिलिमीटरच्या झाकणाला ०.०४ मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही.

यात एकच काळजी: आडव्या रेषांचं पातळ झाकण लांबीच्या मधोमध दाबलं तर मोडू शकतं. शंभर-सव्वाशे मिलिमीटरपर्यंतच्या डबीला चार मिलिमीटर जाडी ठेवली की ते पुरतं. त्याहून मोठ्या पेटीला हा मार्ग घेऊ नका, तिथे झाकणाला प्लाय वापरा आणि वरून सागाचा पातळ पापुद्रा लावा. आणि बोटानं ढकलायची खाच झाकणाच्या अगदी काठाला पाडू नका. आडव्या रेषांत काठ तिथेच सुटतो.

कुंकवाच्या गोल करंड्याचं दुखणं जरा वेगळं असतं. खरादावर (लेथवर) काढलेला करंडा पावसाळ्यात गोल राहत नाही, किंचित लांबट होतो, कारण तो रेषांच्या आडवा फुगतो आणि रेषांच्या दिशेनं नाही. झाकणही तसंच लांबट होतं. दोन्ही लांबट आकार एकाच दिशेला असतील तर झाकण बसतं. झाकण एक चतुर्थांश फिरवून बसवलं की दोन लांबट आकार एकमेकांवर आडवे येतात आणि करंडा अडकतो. म्हणून अंग आणि झाकण एकाच ठोकळ्यातून, रेषा एकाच दिशेनं ठेवून काढा आणि काठाला दोन्हींवर एक बारीक खूण करा. पितळेची छोटी टाचणी ठोकली तर ती खूणही होते आणि शोभाही. कुणाचा करंडा अडकला असेल तर झाकण ओढत बसण्याऐवजी हळूहळू फिरवून बघायला सांगा. पुष्कळदा तेवढ्यानं ते निघतं.

आता लाकडाकडे येऊ. आपल्या कात्रणांत कुठलं लाकूड कुठून आलं याचा मेळ नसतो, आणि तिथेही झाकणाचं दुखणं दडलेलं असतं. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, जुनी घरं पाडतात तेव्हा निघणारं सागवान आणि बाभळीच्या तुळया ही माझ्या दृष्टीनं आपल्याकडची सगळ्यात चांगली कात्रणं. कित्येक वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड. फक्त करवत लावण्याआधी खिळे तपासा, आत मोडून राहिलेले असतात. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, जुन्या हातमागांचे मोडके तुकडे मिळतात, ते घट्ट आणि देखणे, पण कित्येकांत तेल मुरलेलं असतं. त्यावर डिंक आणि पॉलिश धरत नाही. सागवानातही त्याचं स्वतःचं तेल असतं. म्हणून सांधा जोडायच्या आधी रंधा मारून ताजा पृष्ठभाग काढा, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा आणि लगेच डिंक लावा. काल घासून ठेवलेला सांधा आज जोडू नका.

एमआयडीसीतून येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या स्वस्त असतात. त्यांवरचा शिक्का बघा. 'एचटी' असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात ठेवायच्या डबीसाठी नको. पण एचटी शिक्का म्हणजे लाकूड वाळलेलं, असं नव्हे. ते तापवलेलं असतं किडीसाठी. पॅलेट पुढे पावसात उभं राहिलं तर त्यात पुन्हा ओल शिरतेच. रस्त्याकडेच्या छाटणीतली ओली बाभूळ किंवा कडुनिंब तर फार दिवस वाळवावा लागतो. टोकांना मेण लावून ठेवा, कारण टोकांतून ओल बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघते आणि टोकंच आधी फाटतात.

लाकूड वाळलं की नाही हे हाताला लावून कळत नाही. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता सहज मिळतो. तुकड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. दर दोन-तीन दिवसांनी वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं. ओलीचा आकडाच हवा असेल तर त्याच फळीचा छोटा तुकडा कापून आधी वजन करा, मग घरच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. आधी २२.४ ग्रॅम होतं आणि नंतर २०.० राहिलं, तर २.४ भागिले २० म्हणजे १२ टक्के ओल. एकाच डबीचे सगळे तुकडे एकाच खोलीत, जवळजवळ सारख्या ओलीवर आल्याशिवाय जोडायला घेऊ नका. दोन भिंती माळवदाच्या सागाच्या आणि दोन कालच्या पॅलेटच्या, अशी डबी जोडली तर महिन्याभरात एक कोपरा सुटणारच.

आणि कूलर. उन्हाळ्यात आपण दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो, संध्याकाळी डबी कूलरच्या खोलीत ठेवतो. शेडमध्ये भट्टीसारखी कोरडी हवा, खोलीत पाण्याचा शिडकावा. डिंक वाळेपर्यंत आणि पॉलिशचे हात पुरे होईपर्यंत डबी एकाच खोलीत राहू द्या, आणि ती खोली कूलरची नको.

झाकण वाकत असेल, म्हणजे काचेवर उलटं ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर बहुतेक वेळा बाहेरून पॉलिश आहे आणि आतून लाकूड कोरं आहे. कोरी बाजू ओल पटकन पिते आणि फुगते. पावसाळ्यात आतली बाजू फुगली की झाकणाच्या कडा वर उचलल्या जातात. उन्हाळ्यात आतली बाजू आक्रसते आणि मध्यभाग वर येतो. चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) बाहेर तीन हात दिले असतील तर आतही तीन द्या. कुठलंच पॉलिश ओल पूर्ण अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग सारखा हवा. ढगाळ, दमट दिवशी चपडा पांढरट पडतो. पडलाच तर उघडीप आल्यावर स्पिरिटनं किंचित ओलसर केलेलं फडकं हलकेच फिरवा.

आतून मखमल लावणाऱ्यांनी इथे थांबा. पांढऱ्या डिंकात जवळजवळ निम्मं पाणी असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्ण डिंक फासून मखमल चिकटवली की ते सगळं पाणी पातळ लाकडात जातं आणि दुसऱ्या दिवशी झाकण होडीसारखं दिसतं. मखमल आधी पातळ पुठ्ठ्यावर चिकटवा, वजन ठेवून वाळू द्या, आणि तो पुठ्ठा झाकणात नुसता दाबून बसवा. कोपऱ्यात डिंकाचा एखादा थेंब पुरे.

तळाचं तर सरळ आहे: लाकडी तळ चारी बाजूंनी डिंक लावून बसवू नका. लाकूड रुंदीत हलतं, चौकट त्याला हलू देत नाही, मग पावसाळ्यात तळ कोपरे उघडतो आणि उन्हाळ्यात स्वतः चिरतो. तीन मिलिमीटर प्लाय वापरली तर ती सगळीकडून चिकटवायला हरकत नाही, कारण ती फारशी हलत नाही. घन लाकडाचाच तळ हवा असेल तर भिंतींना खाच पाडा, तळ त्यात सुटा बसवा, रुंदीत दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळं ठेवा आणि डिंकाचा एकच थेंब फक्त आखूड बाजूंच्या मधोमध द्या. दोन्ही बाजूंनी मग तो सारखाच सरकतो.

एप्रिलमध्ये तळाला चीर आलेली डबी कुणी आणली, तर ती चीर लगेच लांबी (पुट्टी) किंवा भुसा-डिंकानं भरू नका. पावसाळ्यात तळ पुन्हा फुगतो, भरलेली लांबी जागा देत नाही आणि मग कोपऱ्याचा सांधाच फुटतो. डबी तशीच ठेवून घ्या. ऑगस्टमध्ये चीर मिटली की तळ बाजूच्या भिंतींपासून बारीक करवतीनं सुटा करा, मिटलेल्या चिरेत डिंक सोडून दोरीनं आवळा, आणि तळ पुन्हा खाचेत सुटा बसवा. करवतीनं सुटं करताना चारदोन मिलिमीटर लाकूड गेलं तर त्याच सागाची पट्टी जोडा, रेषा मूळ तळाच्या रेषांना समांतर ठेवून.